पंक्तीबाहेर

लिंडेनटाल, ९ मार्च २००६

युस्टिना,

तुझा पत्ता सारा एपकडून घेतला. दरवर्षी नाताळात तुमची कार्डं येतात-जातात हे मला ठाऊक होतं, पण मागायला जीभ रेटत नव्हती. साराने काही विचारलं नाही. बियाण्याच्या पाकिटावर पत्ता लिहून दिला आणि म्हणाली, "अक्षर मोठं काढ. तिला जवळचं दिसत नाही आता." म्हणून मोठं काढतो आहे. चौसष्ट वर्षांची झालीस तू, हे लिहितानाच मोजलं.

इकडचं सांगायचं तर आपल्या जर्मन माणसांतले ज्यांना जर्मनीला जायचं होतं ते गेले. चर्चच्या मंडळीत एकोणीस सभासद उरलेत, त्यातले बारा काठी टेकत येतात. मंडळीचा वडील म्हणून बैठका अजून मीच चालवतो, कारण दुसरा कुणी मिळत नाही. माझी बायको हेलेना, तिला जाऊन चार वर्षं झाली. पोरगा व्हिक्टर जर्मनीत मोटारी दुरुस्त करतो आणि रविवारी दुपारपर्यंत झोपतो. शेतात घेवडा लावतो, सगळं तलास खोरं घेवडाच लावतं. आईच्या थडग्याचं कुंपण गेल्या वर्षी निळ्या रंगानं रंगवून घेतलं.

तू म्हणशील, अठ्ठावीस वर्षांनी याला पत्र सुचलं. मंडळीनं तुला काढल्यापासून मी लिहिलं नाही ते नियम आहे म्हणून. वाळीत टाकलेल्या माणसाशी व्यवहार नाही, त्याच्या पंक्तीला बसणं नाही. आईच्या दफनाला तू काराकोलहून दोन दिवसांचा प्रवास करून आलीस, तेव्हा तुला कॉफी आणि पाव बाहेर दिला गेला आणि मी आत पाहुण्यांना वाढत होतो. दारातून एकदा पाहिलं होतं. कॉफीला तू हात लावला नाहीस. पाव रुमालात बांधून घेतलास. नियम मी केलेला नाही, एवढंच सांगतो.

लिहायचं कारण वेगळंच आहे. पेटर व्हीबेची धाकटी मुलगी एरिका, बावीस वर्षांची, तलासच्या बाजारात औषधांच्या दुकानात कामाला जाते. गेल्या रविवारी प्रभुभोजन होतं. द्राक्षरसाचा प्याला बायकांच्या बाकावरून फिरत तिच्यापर्यंत आला आणि तिनं तो ओठाला न लावता शेजारच्या आगाथा फ्रीझेनच्या हातात दिला. सगळ्यांनी पाहिलं. आपल्याकडे त्याचा अर्थ काय होतो ते तुला मी काय सांगू. मनात मळ असलेला माणूसच प्याला पुढे सरकवतो, न बोलता दिलेली कबुलीच ती. त्यात आगाथानं तिला तीनदा कुणा किरगिझ माणसाच्या पांढऱ्या गाडीतून वळणावर उतरताना पाहिलंय. आता आगाथाला बैठक हवी आहे. एरिकाला काढायचं की ठेवायचं ते सगळ्या मंडळीसमोर ठरवायचं.

मला त्यातलं काही उमगत नाही. आई म्हणायची, कोर्नेला नियम कळतो आणि युस्टाला माणूस कळतो. तेव्हा मला राग यायचा. आता तूच सांग, प्याला पुढे सरकवणारी बाई काय सांगत असते? चार ओळी लिहिल्यास तरी चालतील. थंडी सरत आली, गुडघे मात्र ऐकत नाहीत.

कॉर्नेलियस


लिंडेनटाल, १७ मार्च २००६

युस्टिना,

पत्र पोचलं की नाही कळायला मार्ग नाही. पोस्टातली बाई म्हणते, काराकोलला आठवडा लागतो, कधी दोन. मी तरीही दुसरं लिहायला बसलो, कारण घरात बोलायला कोणी नाही आणि बाहेर जे बोलतात ते ऐकवत नाही.

काल आगाथा आली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, पण जिभेला हाड नाही ते नाहीच. लोणच्याची बरणी टेबलावर ठेवली, कोट न काढताच बसली आणि अर्धा तास एरिकाबद्दल बोलली. मी म्हटलं, आगाथाबहीण, कुणाचा न्याय करू नका असं लिहिलंय ना. तर मलाच विचारते, "मग वाईट ते मंडळीतून काढून टाका, हे कुणी लिहिलंय? ते काय भाऊ तुमच्या बायबलात नाही?" आहे. दोन्ही आहे. माझ्या बायबलात दोन्ही पानं सारखीच मळली आहेत.

तुला ऐकून हसू येईल, पण न्याय करू नका या वचनावर मी वर्षाला एकदा तरी बोलतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ. लोक म्हणतात, भाऊ या विषयावर फार चांगलं बोलतात. आणि याच भावानं बावीस वर्षांत अकरा माणसं काढली. एकानं टीव्ही घेतला म्हणून, एकीनं घटस्फोट घेतला म्हणून, एक दारूपायी. दारूवाल्याबद्दल मला अजून खंत वाटत नाही, तो बायकोला मारायचा आणि त्याला बाहेर काढल्यावर ती तीन वर्षं तरी सुखानं झोपली. न्याय करूच नये म्हणणाऱ्यांनी त्या बाईचा डोळा पाहिला असता तर बरं झालं असतं. पण टीव्हीवाला माणूस भला होता. दोघांना काढताना मी एकाच आवाजात बोललो, हे आता टोचतं. पारख करणं हे कष्टाचं काम आहे युस्टिना, आणि मी बहुतेक वेळा नियम वाचून मोकळा झालो.

अठ्ठ्याहत्तर सालचं लिहायचं नव्हतं, पण प्याल्याचा विषय निघाल्यावर ते टळत नाही. मुलांना बायबल शिकवणं तेव्हाच्या सरकारी कायद्यानं गुन्हा होता. गुरुवारी सारा आणि आब्राम एपच्या घरी बारा-चौदा पोरं जमायची, आब्राम शिकवायचा. एका गुरुवारी पोलीस बरोबर वेळेवर आले. आब्रामला तीन वर्षांची सजा झाली. आतून कुणीतरी सांगितलं होतं, एवढं उघड होतं. पुढच्याच महिन्यात प्रभुभोजनाला तू प्याला न पिता पुढे दिलास. तू जिल्ह्याच्या कचेरीत फरशा पुसायला जायचीस. लोकांनी धागे जुळवले.

बैठकीत तेव्हाचे वडील यांझेनभाऊंनी तुला विचारलं, प्याला का घेतला नाहीस. तू म्हणालीस, "कारण आहे, पण ते सांगायचं काम माझं नाही." बाकी काही बोलली नाहीस. मग त्यांनी म्हटलं, हिला काढावं असं ज्यांना वाटतं त्यांनी उठावं. मीही उठलो. गेल्या पत्रात 'मंडळीनं काढलं' असं लिहिलं होतं. मंडळीत मीही होतो.

कचेरीत मलाही बोलावलं होतं त्या दिवसांत, ते तुला ठाऊक आहे. तिथे मी तोंडातून एक शब्द काढला नाही. आपल्यात शपथ घेत नाहीत, पण घेत असते तर ही मी बिनधास्त घेतली असती. एक शब्दही नाही.

आगाथाचं लोणचं खारट आहे.

कॉर्नेलियस


लिंडेनटाल, २५ मार्च २००६, शनिवार

युस्टिना,

उद्या प्रार्थनेनंतर बैठक आहे. मी टाळत होतो, पण आगाथानं नऊ माणसांना तयार केलं आणि मग मला नाही म्हणता येईना.

आज सकाळी मी एरिकाकडे गेलो. नियमच आहे, आधी एकट्यानं जाऊन बोलायचं, मग दोघांना घेऊन, मग मंडळीसमोर. बरेचदा मी पहिली पायरी नुसती उरकतो, आज तसं केलं नाही. ती अंगणात चादरी वाळत घालत होती. वाळली आहे पोर. मी विचारलं, तो गाडीवाला कोण, प्याला का नाही घेतला. तिनं खूप वेळ चिमटे लावले. मग म्हणाली, "काका, पाप नाही काही माझं. पण सांगितलं तर नोकरी जाईल, आणि आई रडून रडून मरेल." आत तिच्या आईचा आवाज आला तशी ती रिकामी टोपली घेऊन आत गेली.

मी परत निघालो. वाटेत पाटाच्या कठड्यावर बसून राहिलो. तूही अशीच माझ्याकडे आली होतीस, एकटी, पहिली पायरी म्हणून.

मी गोठ्यात दूध काढत होतो. तू दारात उभी राहून म्हणालीस, "कोर्ने, मी काचेचं दार पुसत होते." मी वर पाहिलं नाही. मला कळलं होतं.

आता लिहितो. त्या दिवशी कचेरीत साहेबाच्या टेबलावर व्हिक्टरचा अर्ज होता, तांत्रिक शाळेचा. साहेबानं तो बोटानं सरळ केला आणि विचारलं, गुरुवारी मुलं एपच्या घरी जमतात का. मी एक शब्द बोललो नाही. मी मान हलवली. एकदाच, थोडीशी. त्यानं अर्जावर शिक्का मारला. काचेच्या दुसऱ्या बाजूला तू ओलं फडकं हातात धरून उभी होतीस.

त्या एका हालचालीला मी अठ्ठावीस वर्षं 'मी बोललो नाही' असं म्हणत आलो. गेल्या पत्रातही तेच लिहिलं. कुणाला लिहितो आहे याचं तरी भान ठेवायचं होतं.

गोठ्यात तू म्हणालीस, "तू स्वतः जाऊन मंडळीला सांग. मी सांगणार नाही. पण तू सांगेपर्यंत तुझ्याबरोबर मला प्याला घेता यायचा नाही." मी म्हणालो, तुला भास झाला, कॉलर घट्ट होती म्हणून मान सैल करत होतो. आणि हेही म्हणालो की दोन साक्षीदारांशिवाय भावावर आरोप करता येत नाही. तुझ्याकडे दुसरा साक्षीदार नव्हता. नियम मला चांगलाच कळत होता.

भावाच्या विरुद्ध मनात काही असताना प्रभुभोजन घेऊ नये, म्हणून तू घेतलं नाहीस. तुझ्यात मळ नव्हता. तू माझ्यासाठी थांबली होतीस. आणि लोकांनी तुझ्याकडे पाहिलं तेव्हा मला काय वाटलं ते लिहायलाच हवं: मला हायसं वाटलं.

आणखी एक उरलं. मी नुसता उठलो नाही, पहिला उठलो. सख्ख्या नातलगांनी उठायलाच हवं असं आपल्याकडे कधीच नव्हतं, मी बसून राहिलो असतो तरी कुणी बोट दाखवलं नसतं. यांझेनभाऊ नंतर माझा हात धरून म्हणाले, "कॉर्नेलियस, तू रक्ताकडे पाहिलं नाहीस." सहा वर्षांनी याच कारणासाठी मला वडील केलं. माझ्या न्यायीपणाची कीर्ती ही अशी आहे.

मला लाज वाटते युस्टिना. आब्राम परत आला तो फुफ्फुसं घालवून, आणि त्र्याऐंशी साली गेला. त्याच्या शवपेटीला मी खांदा दिला. हे सगळं वाहून मी इतका दमलोय की कधीकधी लाजसुद्धा वाटत नाही, नुसतं झोपावंसं वाटतं. उद्या काय करीन ते सांगता येत नाही. कदाचित नेहमीसारखाच उभा राहीन आणि विचारीन, ज्यांना वाटतं त्यांनी उठावं.

कोर्ने


लिंडेनटाल, २८ मार्च २००६

युस्टिना,

झालं. जसं झालं तसं सांगतो.

सगळे एकोणीस जण आले होते. एरिका पुढच्या बाकावर एकटी, डोक्याला रुमाल बांधून. तिचा बाप पेटर भिंतीकडे पाहत होता. आगाथानं सगळं सांगितलं, पांढरी गाडी, तीन वेळा, प्याला. खोटं काही बोलली नाही ती. जे पाहिलं तेच सांगितलं, आणि त्यातनं जे निघालं ते सगळं चूक होतं. मी एरिकाला विचारलं, काही बोलायचं आहे का. तिनं नाही म्हटलं.

मग माझी पाळी आली. ते वाक्य मला झोपेतही येतं. तोंड उघडलं आणि ते निघेना. लोक वाट पाहत होते. कुणीतरी खाकरलं. मी म्हटलं, "आधी माझं ऐका." आणि काचेचं दार, अर्ज, मान, गोठा, सगळं सांगितलं. तुझं नाव घेतल्यावर पाणी प्यायलो आणि ते पुन्हा घेतलं. किती वेळ लागला माहीत नाही. संपल्यावर मी साराकडे पाहू शकलो नाही.

काठीचा आवाज आला. सारा उठली होती. पंचाहत्तर वर्षांची आहे, नवऱ्याशिवाय तेवीस वर्षं काढलीत. माझ्याकडे येत होती असं वाटलं आणि मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती माझ्यासमोरून पुढे गेली आणि एरिकापाशी थांबली.

"तुझं नंतर, कॉर्नेलियस," ती म्हणाली. "ते अठ्ठावीस वर्षं थांबलंय, आणखी थोडं थांबेल. मीही युस्टिनाच्या वेळी उठले होते, नुसत्या प्याल्यावरून. या वेळी आधी विचारते." मग ती एरिकाशेजारी बसली आणि तिचा हात मांडीवर घेऊन हळू आवाजात विचारलं, "खोकला कधीपासून आहे?"

एरिका म्हणाली, नोव्हेंबरपासून.

"रक्त पडतं?"

"कधीकधी."

"आणि पुढचा घोट आगाथाचा होता," सारा म्हणाली.

पोरगी रडायला लागली. क्षय आहे तिला, युस्टिना. पांढरी गाडी क्षयाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरची, गावाकडे येताना तो तिला वळणावर सोडायचा. कळलं तर दुकानातून काढतील, लग्न जमणार नाही, आई हाय खाईल, म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. एकच प्याला सगळ्यांच्या तोंडाला लागतो, म्हणून तिनं आपलं तोंड लावलं नाही. साराला ते ओळखता आलं, कारण आब्राम सजेच्या छावणीतून परतल्यावर दोन वर्षं सगळ्यांच्या शेवटी, वेगळ्या कपातून प्यायचा. आम्हीही ते रविवारमागून रविवार पाहिलं होतं. आमच्यातल्या एकालाही आठवलं नाही.

आगाथा मटकन बाकावर बसली. मग उठून एरिकाकडे गेली, आणि काय बोलावं ते न सुचून आपली शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली. पेटर अजून भिंतीकडेच पाहत होता, पण त्याचे खांदे हलत होते.

त्या दिवशी कुणाला उठायला सांगितलं नाही. फक्त जाण्याआधी पेटरनं एक ठराव मांडला, की युस्टिनाला काढलं ते चुकून काढलं, तिनं येऊन काही मागायची गरज नाही, तिचं नाव आजच्या आज परत लिहावं. सभासदांचं पुस्तक माझ्याकडे असतं. मी लिहू लागलो तर पेटरनं पेन माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः लिहिलं. त्याचं बरोबर होतं.

तू परत आत आलीस. तुला ते हवं आहे का, हे कुणी विचारलं नाही. आम्हाला विचारायची सवय नाही.

कोर्ने


लिंडेनटाल, २ मे २००६

युस्टिना,

ईस्टरला साराला तुझं कार्ड आलं. तिनं मला दाखवलं नाही, पण एक ओळ वाचून दाखवली: "कोर्नेला म्हणावं, अक्षर अजून लहानच आहे." मी ती ओळ दोनदा वाचायला लावली. हे पत्र कसं वाटतं बघ, एका पानावर नऊच ओळी बसतात.

एरिका तलासच्या इस्पितळात आहे. औषधं लागू पडताहेत, वर्षभर घ्यावी लागतील. नोकरी गेलीच. दुकानदारानं चांगल्या शब्दांत सांगितलं, पण काढलं. आगाथा दर गुरुवारी बसनं जाते, अंडी आणि कोंबडीचा रस्सा घेऊन, आणि वॉर्डातल्या सगळ्या किरगिझ बायकांना सांगते की ही माझी नात. तिच्यावर मी रागावलो होतो, पण तिच्याएवढ्या फेऱ्या माझ्या होत नाहीत.

आता माझं. परवा, तीस तारखेला, माझ्यावर बैठक झाली. मी वडीलपण सोडलं होतं, पेटर चालवत होता. मी पुढे गुडघ्यावर आलो आणि थोडक्यात पुन्हा सगळं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि मग एकेक जण माझी बाजू मांडू लागला. तो काळच तसा होता. मुलासाठी केलं बिचाऱ्यानं. माना तेव्हा कुणी हलवल्या नाहीत? आगाथा म्हणाली, "उठा भाऊ, गुडघे धरतील. आम्ही क्षमा केली. जेवायची वेळ झाली." सगळ्यांना ते हवं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही. इतक्या वर्षांत मी जेवढी माणसं काढली त्यांच्यातल्या एकालाही इतक्या लवकर क्षमा मिळाली नव्हती.

पेटरनं रीत पाळली. विचारलं, याला काढावं असं ज्यांना वाटतं त्यांनी उठावं. कुणी उठलं नाही. मग सारा उठली.

तुला माहीत आहे, आपल्याकडे मतं मोजत नाहीत. एकमत होईपर्यंत थांबतात. एक तर सारानं खाली बसायचं, नाहीतर बाकीच्यांनी उठायचं. पेटर हळूच म्हणाला, साराबहीण, बसा. ती बसली नाही. भिंतीवरच्या घड्याळात पंधरा मिनिटं गेली असतील. तिचे पाय थरथरू लागले, काठी फरशीवर टकटकायला लागली. तेव्हा एरिकाची आई तिला आधार द्यायला उठली, कोपराला धरून उभी राहिली, आणि उभी राहिल्यावर पुन्हा बसली नाही. मग पेटरचा भाऊ उठला. मग एकेक. आगाथा सगळ्यांत शेवटी, डोळे पुसत. मी गुडघ्यावरून त्यांच्याकडे पाहत होतो. राग कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हता. मला काढलं.

बाहेर आल्यावर माझ्याशी कुणी बोलायचं नव्हतं, पण सारा फाटकापाशी थांबली होती. म्हणाली, "नियम मोडते आहे, तर दोनच वाक्यं बोलते. मी तुझ्या विरुद्ध उठले नाही, युस्टिनासाठी उठले, त्या दिवशी तिच्यासाठी एकही माणूस बसून राहिलं नव्हतं." मी म्हटलं, आब्रामचं काय. तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "आब्रामचं माझ्यात आणि प्रभूत आहे," ती म्हणाली. "ते अजून जमलेलं नाही. तुला परत आत यायचं असेल तर युस्टिनाच्या दारावरून ये." हिशेबानं चार-पाच वाक्यं झाली. मी मोजून दाखवलं नाही.

मी घरी आलो, बटाटे उकडले, मीठ लावून खाल्ले आणि झोपलो. किती वर्षांनी इतकी गाढ झोप लागली ते ठाऊक नाही. काढलेल्या माणसाला इतकी शांत झोप लागते हे कुणी सांगितलं नव्हतं. तुला लागली होती का? लागली नसणार. तुझ्याबाबतीत ते खोटं होतं.

मी येतो आहे. पंधरा तारखेला, सोमवारी निघतो, बिश्केकला गाडी बदलून मंगळवारी दुपारपर्यंत काराकोलला पोचेन. तोवर हे पत्र तुला मिळालेलं असेल. येऊ नको असं कळवायचं असेल तर साराला तार कर, मी निघणार नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुला दारात उभं राहून विचार करावा लागणार नाही. आता तू मंडळीत आहेस आणि मी बाहेर. नियमानं तू माझ्या पंक्तीला बसायचं नाहीस, मला घरात घ्यायचं नाहीस. त्या नियमामागे मी अठ्ठावीस वर्षं लपलो, तेव्हा तो मोड असं तुला सांगायचं तोंड मला नाही. आत ये म्हणालीस तर येईन. नाही म्हणालीस तर तुझं बरोबर असेल, आणि या वेळी गावात परत येऊन मी ते सगळ्यांना सांगेन.

तुझा भाऊ,
कोर्ने